कानात सांगितलेली उन्हाळी

माझ्या चुलतीचं नाव दगडाबाई. मी तिला मोठीमाय म्हनते. आमच्या चकलांब्याच्या आजूबाजूला तिला लई मानसं वळखत्यात. काविळीचं औषध देती, हाताला गुण हाय, दारात आलेल्याला माघारी लावत न्हाई, आसलं काय काय सांगत्यात. ते समदं खरं धरा. मला जे सांगायचं हाय ते येगळंच हाय. ह्या बाईच्या कानात तिच्या लग्नापून कुनी काय बोललं न्हाई.

बाया कशा बोलत्यात ठावं हाय ना? पान्याच्या टाकीवर, खुरपायला गेल्यावर एक दुसरीच्या कानाला लागती, "अगं तुला म्हून सांगते, कुनाला बोलू नगं," आन मंग दोघी पदर तोंडाला लावून हसत्यात. मोठीमाय नुसती वाकली तरी समोरची बाई गपकन मान मागं घेती. दोन्ही हात कानावर. पोरं तर पळतच सुटत्यात. ती आपली हसती आन सरळ बसती.

ह्याचं कारन एक झाड. झाड तरी कशाला म्हनायचं, गुडघ्याइतकं झुडूप. उन्हाळी. आमच्या वस्तीमागं वढ्याच्या काठानं वाळूचा माळ हाय. चार बोरी, चार बाभळी, बाकी कुसळी गवत. तितं ती आपोआप येती, कुनी पेरत न्हाई. बारीक पानं, जांभळी फुलं, चपट्या शेंगा. पान वढलं तर सरळ तुटत न्हाई, बाणाच्या शेपटावानी तुटतं. पाऊस आसू नसू, हिरवी ती हिरवीच. मुळी इतकी खोल की उपटायला गेलं तर मानूसच मागं आपटतं. शेळ्यांला दुसरं काय खायला आसलं तर त्या तिच्याकडं बगत पन न्हाईत.

तिची मुळी ताकात वाटून काविळीला देत्यात. आमच्या घरात ती द्यायचा मान हाय. मान म्हनतेत त्याला. मी दावं म्हनते. खुट्याला बांधायचं दावं.

त्याचे नेम हायेत. मुळी रविवारी दिस उगवायच्या आदी काढायची. घरातून निघाल्यापून मुळी वाटून होईस्तवर तोंडातून शबुद काढायचा न्हाई. रविवार, सोमवार, मंगळवार तीन दिस द्यायची. जो आला त्याला माघारी लावायचं न्हाई. कुनाचं काय घ्यायचं न्हाई, चहाबी न्हाई. आपल्या पोटच्याला तिचा गुण येत न्हाई. आन झाडाचं नाव सांगायचं न्हाई. सांगितलंच तर कानात सांगायचं, आन ज्याच्या कानात सांगितलं त्याच्याकडं गुण गेला. तुमी सुटले, तो अडकला.

आता मजा बगा. मुळी उन्हाळीची हाय हे उभ्या गावाला ठावं हाय. दर रविवारी पहाटं बांधावरून जानाऱ्या समद्यांला दिसतं ही बाई काय उकरती ते. शाळेतलं पोरगं पन बोट दावंल. पर ठावं आसनं येगळं आन तिच्या तोंडून ऐकनं येगळं. म्हून तर समदे कान झाकत्यात.

मोठीमायच्या गळ्यात हे कसं पडलं ते आयका. तिची सासू भिवराबाई, म्हंजे माझी आजी, लई चालू बाई व्हती. मोठीमाय नवी नवरी, सोळा-सतरा वर्साची. सासू म्हनली, "ये गं, डोस्कं बगते, उवा झाल्यात वाटतं." नव्या नवरीला काय, सासू माया करती म्हून ती खूस. सासूच्या मांडीवर डोकं ठिवून पडली. एक कान मांडीवर, एक कान वर. सासूनं केस इसकटले, चार उवा मारल्या, आन वाकून त्या वरच्या कानात म्हनली, "उन्हाळी." झालं. दुसऱ्या दिशी सासू पिशवी घेऊन भावाच्या गावाला गेली ती उभा पावसाळा आली न्हाई. मंग कधी लेकीकडं, कधी जत्रंला. मरेस्तवर फिरली बाई. आन ही वट्यावर, मुळी वाटत.

मोठीमायनं हे मला हसत हसत सांगितलेलं हाय. म्हनती, "सासूनं तेवढं एकदाच माझं डोस्कं बगितलं गं."

तिला एक लेक, लखन, पुण्याला आस्तो. सून धनश्री सनासुदीला आली की सासूला म्हागं बसूच देत न्हाई. वेणी पन आपली आपन घालती, आरशात बगून. हुशार हाय. एक लेकीची जात, अंजू. तिला परळीला दिली. जावई सोमनाथ थर्मलच्या राखेच्या गाडीवर डायवर हाय. अंजूच्या कानात सांगायचा परश्नच न्हाई, ती दुसऱ्या घरची.

आन अंजूच्या लग्नातच ते झालं. लग्न परळीला व्हतं. मोठीमाय दोन दिस गेली. त्या दोन दिसांत तांड्यावरचं एक मानूस बैलगाडीत घालून आनलं. घर बंद. वट्यावर ठिवलं, वाट बगितली, आन ते तितंच गेलं. दवाखान्यात न्यायचं सोडून वाट बगितली हे कुनी म्हनलं न्हाई. समदे म्हनले, दगडाबाई आसती तर वाचला आस्ता. तवापून ती गावाची शीव वलांडून मुक्कामाला गेलेली न्हाई. अंजूचं पहिलं लेकरू पोटातच गेलं, तवाबी न्हाई.

ह्या समद्यात कुनाचं बरं चाललंय म्हनाल तर तात्याचं. तात्या म्हंजे माझा चुलता, बंकट. वट्यावर त्याची प्लास्टिकची खुर्ची आस्ती. मुळी उकरायची बायकोनं, वाटायची बायकोनं, आन नंबर लावायचा ह्यानं. "नीट सरकून बस बे, बाईमानसाला जागा दे." तमाखू तेवढी घेतो लोकांची. म्हनतो तमाखू चालती, ती पोटात जात न्हाई. इलेक्शन आलं की पांढऱ्या गाड्या आमच्या वट्याम्होरं थांबत्यात. वीस गावची मानसं बंकटरावला वळखत्यात ना.

माझं म्हनाल तर मी नववीतून शाळा सोडली. आई-बाप दर साली ऊसतोडीला जात्यात, म्हागं शेळ्या कोन बगनार? मला काय लई वाईट न्हाई वाटलं, एका जागी बसनं मला जमतच न्हाई. लहानपनापून कारखाना सुरू झाला की मी मोठीमायपाशी. तापात डोक्यावर पट्ट्या तिनं ठिवल्या, पहिल्यांदा डाग पडले तवा कापड तिनं दिलं. तात्याची मोटारसायकल शिकले तवा पडून गुडघा फुटला, तो पन तिनंच बांधला आन वर एक मुस्काडीत दिली. मी तिची हाय. बास.

पर मला हितं ऱ्हायचं नव्हतं. माझी मैत्रीण संगीता वाळूजला कंपनीत पॅकिंगला हाय. तिच्या खोलीवर जायचं ठरलं व्हतं, दिवाळी झाली की. पिशवी भरून धान्याच्या कनगीमागं ठिवलेली. मोठीमायला ठावं व्हतं. तिनंच त्यात चटनीचा डबा घातलता.

दिवाळी झाली. आई-बाप कारखान्याला गेले. शनवारी दुपारपून वट्यावर मानसं यायला लागली, लांबची शनवारीच येऊन टेकत्यात. तात्याला फोन आला. तो उठून लिंबाखाली गेला, बोलला, परत येऊन खुर्चीत बसला. मोठीमाय पाटा धूत व्हती. तिनं इचारलं, "कुनाचा वं?"

"सोमनाथचा. बरं हाय समदं."

दिस कलायला लागला तवा माझा फोन वाजला. सोमनाथ भाऊजीच. "वर्षे, मामी निघाल्या का?"

"कुठं?"

"आगं आसं काय करती? म्या दुपारीच मामांना सांगितलं ना. अंजूला कावीळ झाली. सातवा चालू हाय. अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात घातलीय. दाक्तरीन म्हनती पोटुशीला कावीळ लई जोखमीची. आईला बोलवा, आईला बोलवा, येवढंच लावलंय तिनं."

माझ्या डोक्यात आग गेली. शेळ्या तशाच सोडल्या आन वट्यावर आले. "तात्या, अंजूताईचं सांगितलं कावून न्हाई?"

"हळू बोल."

"हळू कावून? हितं समद्यांच्या लेकरांची कावीळ कळती, आपल्या लेकीची कळू नाही व्हय?"

मोठीमायच्या हातातून वरवंटा सुटला. तिनं माझ्याकडं बगितलं, मंग तात्याकडं. आत गेली, कापडी पिशवी काढली, एक लुगडं, अंजूसाठी जुनं मऊ धडपं आसं काय काय भरलं आन बाहीर आली. उंबऱ्यातच एक बाई बसलेली. मांडीवर पोरगं, डोळे हळदीवानी. बाई उठली न्हाई, रडली न्हाई, नुसती बगत ऱ्हायली. मोठीमायनं पिशवी खाली ठिवली.

तात्या लई गोड आवाजात म्हनला, "जा ना. मी कुठं अडवतो? तीन दिस ह्या लोकांला कोन देनार तेवढं सांग आन जा."

"बुधवारी जाते मंग," मोठीमाय म्हनली.

मी म्हनले, "बुधवारपतूर काय आजार थांबून ऱ्हातो? त्याला नंबर लावलाय व्हय तात्यानं?"

"तू मधी बोलू नगं," तात्या म्हनला. "तांड्यावरचं मानूस इसरली का? हितंच पडलं व्हतं, ह्या फरशीवर. परत आसं झालं तर लोकं तोंडात शेन घालतील. आन लेकीपाशी जाऊन ही काय करनार? पोटच्याला गुण येत न्हाई. नुसतं रडत बसनार."

नुसतं रडत बसायला तर जायचं व्हतं तिला. लेकीपाशी बसून रडायचं आस्तं की. पर तात्याला ते काय कळनार.

मी मोठीमायला आत वढलं. दार लोटलं. केस सोडले आन तिच्याकडं पाठ करून बसले. "घे. डोस्कं बग माझं."

तिला कळलं. ती हसली, मंग नाक वढलं. "तुझ्या डोक्यात उवा न्हाईत."

"आस्तील. बग."

ती बसली. फनी घेतली. माझे केस इंचरले, तेल लावलं, बोटानं एक एक बट येगळी केली. मी मान वाकडी करून कान तिच्याकडंच केलेला. तिचा श्वास मानंवर लागत व्हता. मी वाट बगत व्हते. आता म्हनती, आता म्हनती. तिनं वेणी घातली, कच्चून, लहानपनी घालायची तशी, आन वरून गाठ मारली.

"झालं. ऊठ."

"सांगितलं न्हाई?"

"तुझी पिशवी भरल्याली हाय ना?"

"म्हून काय झालं?"

"मला बी एक पिशवी व्हती गं. माहेरून आनलेली. ती कुठं गेली मला आता ठावं पन न्हाई." तिनं फनीतले केस गुंडाळून चुलीत टाकले. "सासूनं माझं केलं ते म्या तुझं करायचं? न्हाई. तू वाळूजला जा."

"आन तू?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिला जायला जागाच नव्हती. बाहीर लोकं, आत मी, आन लेक तिकडं अंबाजोगाईला. सांगितलं तर मी अडकते, न्हाई सांगितलं तर ती.

पहाटं उठली, खुरपं-कुदळ घेतली. मी पन मागं गेले. बोलायचं नसतं, म्हून गपचूप. माळावर थंडी, वाळू पायाला गार लागत व्हती. उन्हाळी जागोजाग उभी, शेंगा वाळून काळ्या पडलेल्या, पानं तरी हिरवी. मोठीमायनं एक झाड धरलं आन उकरायला लागली. भराभरा. दर रविवारी ती मुळी तेवढी तोडून घेती आन वर माती सारती. त्या दिशी थांबलीच न्हाई. खोल, आनखी खोल. कोपरापतूर हात वाळूत गेला. कुदळ ठिवून दोन्ही हातानं वढलं, मी पन धरलं, आन ते अख्खं झाड मुळासकट आलं. आमी दोघी मागं आपटलो. ती तशीच बसून ऱ्हायली, मांडीवर झाड, आन रडली. तोंड घट मिटून. नेम मोडू नाही म्हून रडतानाबी तोंड मिटलेलं. आसलं रडनं मी कधी बगितलं न्हाई. मला वाटलं हिचं आत काय तरी फुटंल.

मंग उठली. पदरानं तोंड पुसलं. घराकडं निघाली, इतक्या झपझप की मला पळावं लागलं.

वटा भरलेला. तात्या खुर्चीत. मानसं सरसावून बसली, कुनी वाट्या काढल्या. मोठीमाय पाट्याकडं गेलीच न्हाई. वट्याच्या मधी उभी ऱ्हायली, ते झाड समद्यांम्होरं धरलं, वाळू खाली गळत व्हती, आन खणखणीत आवाजात म्हनली, "ही उन्हाळी हाय."

आवो, काय सांगू! बाँब पडल्यावानी झालं. समद्यांचे हात कानावर. त्या उंबऱ्यातल्या बाईनं पोराचे कान झाकले, आपले उघडेच ऱ्हायले, मंग पोराचे सोडून आपले झाकले. एक जन तर डोक्यावर घोंगडं घेऊन आडवाच झाला. नाथाबाबा म्हून एक म्हातारा व्हता, त्याला कमी ऐकू येतं. तो म्हनला, "काय? काय म्हनली बाई?"

त्याचा लेक वरडला, "काय न्हाई, आबा! काय म्हनली न्हाई!"

"उन्हाळी," मोठीमाय परत म्हनली. "मुळी धुवायची, ताकात वाटायची, तीन दिस घ्यायची. तेल बंद. तुमच्या बांधावर पन हाय ती, वढ्याला पन हाय. आता समद्यांनी ऐकलं. समद्यांनी सांभाळा. मी माझ्या लेकीकडं चालले."

तात्या उठला. "येड लागलं हिला! कुनी ऐकलं का रे? ऐकलं का कुनी?"

लोकं एकमेकाच्या आड सरकली.

"सुग्रीव, तू म्होरंच व्हता. ऐकलं का?"

सुग्रीव आमच्याच भावकीतला. मान खाली घालून म्हनला, "मी फोनवर बोलत व्हतो ना." हातात फोनच नव्हता.

"तुमी वं बाई?"

"माझं ध्यान पोराकडं व्हतं."

"मला सर्दी हाय. कान बसल्यात."

आसं एक एक करत समद्यांनी सांगितलं. कुनीच ऐकलं न्हाई. तात्या फिरला, खूस झाला. "बग. कुनाच्या कानात गेलंच न्हाई. म्हंजे अजून तुझ्याकडंच हाय. बस खाली, वाट ती मुळी, लोकं खोळंबल्यात."

मोठीमायचा हात खाली आला. ते झाड वट्यावर टेकलं. मी तिचं तोंड बगितलं. जाळीत पुन्यांदा घातलेल्या शेळीचं आस्तं तसं. आत्ता सुटलीवती, आन परत.

मी वट्यावर चढले. "मी ऐकलं."

"वर्षे, गप," मोठीमाय म्हनली.

"न्हाई गप बसायची. मी ऐकलं. दोन्ही कानानं ऐकलं. उन्हाळी. बगा, म्हनूनबी दावते. उन्हाळी, उन्हाळी, उन्हाळी. आता माझ्याकडं आली. समदे साक्षी हायेत, का तेवढ्याला पन कान बसलेत?"

तात्या म्हनला, "कानात सांगावं लागतं. असं न्हाई चालत."

"मंग तुमी ऐका कानात. तुमची बायको हाय. कान करा म्होरं. करा की!"

तात्यानं खरंच दोन पावलं मागं घेतली. खुर्ची आडवी झाली. वट्यावरचं एक पोरगं फसकन हसलं, त्याच्या बापानं त्याला चापट मारली.

मी तात्याच्या मोटारसायकलची किल्ली खुट्टीवरून काढली, कापडी पिशवी उचलली, मोठीमायला म्हागं बसवलं आन निघाले. गेवराईपतूर ती माझा खांदा धरून म्हनत व्हती, "माघारी फीर, तुला शपत हाय, फीर, ते लेकरू लई पिवळं व्हतं." मी गाडी आनखी पळवली. स्टँडवर बीडची गाडी लागलेली. बीडला उतरून अंबाजोगाईची कशी धरायची ते मी तिला चार बारी सांगितलं, कंडाक्टरला पन सांगितलं. ती पायरीवर चढंना.

"तुझं वाळूज?"

"वाळूज कुठं पळून चाललंय?"

"जातं गं," ती म्हनली. "मला ठावं हाय. जातं."

गाडी सुटायला लागली. ती पायरीवरून वाकली. मला वाटलं माझ्या कानात काय तरी बोलनार. तिला बी तसंच वाटलं आसंल, कारन ती एकदम थांबली, सवयीनं. मी कान म्होरं केला. पर ती काय बोलली न्हाई, नुसतं कानाच्या पाळीला हात लावला. गाडी गेली.

मी माघारी आले तवा समदे तसेच बसलेले. एकबी उठला न्हाई. मी पाट्यापाशी बसले. मुळी धुतली, वाटली. हात भरून आले. पयल्यांदा त्या पिवळ्या पोराच्या आईला म्हनले, "हे घे. पर हे पाजून हितं बसायचं न्हाई. ह्याचं रगत तपासायचं. आजच. न्हाई तपासलं तर उद्या औषध न्हाई." तिनं इचारलं, "ह्यो नवा नेम हाय का?" मी म्हनले, "व्हय. नवा हाय. माझा हाय." मुळीनं गुण येतो का कावीळ आपोआप उतरती, मला खरंच ठावं न्हाई. मोठीमायला पन ठावं न्हाई. कुनी कधी इचारलंच न्हाई. लोकं येत्यात, बसत्यात, आन एकदा बसली की उठत न्हाईत, येवढं ठावं हाय. म्हून उठवायचं.

ती बाई गेली पोराला घेऊन. बाकीचे बडबडले. तात्या म्हनला, ही पोरगी घराचं नाव घालवनार. पर खुर्ची सरळ करून बसला तितंच. नंबर लावायला.

अंजूताई लई दिस आजारी व्हती. लेकरू येळंच्या आदी झालं, मुलगी, काचंच्या पेटीत ठिवली. मोठीमाय तिच्याम्होरं बसून ऱ्हाती. संगीतानं दोन बारी फोन केला, मंग दुसरी पोरगी घेतली खोलीत. पिशवी अजून कनगीमागं हाय. चटनी मी काढून खाल्ली.

आन बाया. पान्याच्या टाकीवर मी परवा शेजारच्या वहिनीला काय तरी सांगायला वाकले, सहजच. तिनं गपकन मान मागं घेतली. मी म्हनले, "आगं, तुझ्या पदराला काटा लागलाय येवढंच सांगत व्हते." ती लाजली. पर हात कानावरून काढला न्हाई.

ह्या रविवारी मी पहाटंच मुळी आनली, वाटून झाली, वटा भरलेला. फोन वाजला.

"वर्षे, जेवली का?"

"जेवले. अंजूताई?"

"डोळं पांढरं व्हाया लागलं. पोरीनं काल बोट धरलं माझं." मंग तिचा आवाज बारीक झाला, चोरून बोलल्यावानी, पर लई खूस. "तुला एक सांगू का? हितं वार्डात एक बाई हाय, किल्लारीकडची. रोज माझ्या कानात बोलती गं. तिच्या सासूचं, नंदंचं, समदं. काल तर आसलं काय सांगितलं की मी पानी पिता पिता ठसकले."

"काय सांगितलं?"

"कुनाला सांगू नगं म्हनलीय."

मी हसले. मला रडू येत व्हतं, पर हसले.

मंग ती थांबली. "वर्षे, खरं सांग. आज कोन आलंय का?"

माझ्याम्होरं वटा व्हता. खालच्या पायरीपतूर मानसं. कुनाच्या मांडीवर लेकरू, कुनाच्या हातात वाटी, समदे माझ्याकडं बगत.

"कुनी न्हाई," मी म्हनले. "दोन रविवार झाले, काळं कुत्रं न्हाई आलं. लोकं दवाखान्यातच जात्यात आता."

"खरं?"

"तुझ्या गळ्याशपत."

तेवढ्यात तात्या खुर्चीतून वरडला, "वर्षे, आटप की! लोकं खोळंबल्यात! सरक बे, म्हागं सरक!"

"ते कुनाला बोलत्यात?" मोठीमायनं इचारलं.

"शेळ्यांला," मी म्हनले, आन फोन वढनीखाली झाकला.